वाळूचा हिशेब मांडणारा ब्रिगेडिअर

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, कड्याच्या पायथ्याशी समुद्राला अगदी बिलगून, हॉलसँड्स नावाचे मच्छीमारांचे एक गाव होते. १८९१ साली तिथे ३७ घरे आणि १५९ माणसे होती. गावापुढे गोट्यांचा रुंद किनारा. होड्या त्याच्यावर ओढून ठेवायच्या, जाळी त्याच्यावर वाळत घालायची, आणि वादळात लाटा गावावर चालून आल्या की त्या गोट्यांच्या उतारावर दमून परत फिरायच्या. या किनाऱ्यासमोर १८९७ साली ड्रेजर येऊन उभे राहिले. डेव्हनपोर्टच्या आरमारी गोदीचा विस्तार चालू होता आणि तिच्या काँक्रीटला रेती-गोटे हवे होते. दिवसाला १,६०० टनांपर्यंत उपसा होऊ लागला. पाच वर्षांत साडेसहा लाख टन माल गेला. परवानगी देणाऱ्यांची समजूत अशी, की समुद्राचे ते समुद्र भरून काढील. समुद्राने तळावरचा खड्डा भरून काढला खरा, पण वरच्या किनाऱ्यावरचेच गोटे खाली ओढून. किनारा खचला. १९०२ साली परवाना रद्द झाला, तरी गेलेले गोटे परत आले नाहीत. २६ जानेवारी १९१७ रोजी पूर्वेचे वादळ आणि मोठे उधाण एकाच वेळी आले आणि गाव कोसळले. माणूस एकही दगावला नाही. वर्षअखेर राहण्याजोगे घर मात्र एकच उरले होते.

ज्या डेव्हनपोर्टसाठी हे गोटे गेले, तिथेच ३ एप्रिल १८९६ रोजी, म्हणजे गोदीच्या विस्ताराला हात घातला गेला त्याच वर्षी, रॅल्फ अ‍ॅल्जर बॅग्नॉल्डचा जन्म झाला. हा नुसता योगायोग आहे आणि तो मी जुळवलेला आहे. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला ही खोड असतेच. पण वाळूचा कण कशाने हलतो, किती हलतो, कुठे थांबतो, याचा विसाव्या शतकातला सर्वांत चिकाटीचा हिशेबनीस याच गावात जन्माला यावा, ही गोष्ट माझ्याने सोडवत नाही.

बॅग्नॉल्डचे नाव जगाला ठाऊक झाले ते वाळवंटामुळे. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ या धाडसी पथकाचा तो संस्थापक. युद्धकथांच्या शौकिनांना हा बॅग्नॉल्ड माहीत असतो. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना टेकड्यांचा बॅग्नॉल्ड माहीत असतो, वाळूच्या टेकड्यांचा. समुद्रकिनाऱ्याचा बॅग्नॉल्ड मात्र दोघांच्याही नजरेतून निसटतो. मला तो भेटला उशिरा, निवृत्तीनंतर, आणि का भेटला ते पुढे ओघाने येईल.

घराणे सैनिकी. वडील कर्नल आर्थर बॅग्नॉल्ड रॉयल इंजिनिअर्समध्ये होते. खार्टूममध्ये अडकलेल्या जनरल गॉर्डनच्या सुटकेसाठी १८८४-८५ मध्ये निघालेल्या मोहिमेत ते होते, आणि १८८७ साली इजिप्तमध्ये मेम्फिस इथे जमिनीत रुतून पडलेला दुसऱ्या रामसेसचा प्रचंड पुतळा उचलण्याचे काम त्यांनीच केले. रॅल्फची थोरली बहीण एनिड पुढे लेखिका झाली. तिची ‘नॅशनल व्हेल्वेट’ ही कादंबरी १९३५ची. तिच्यावरच्या १९४४च्या चित्रपटाने छोट्या एलिझाबेथ टेलरला घरोघरी पोचवले. त्याच १९३५ साली भावाचेही पहिले पुस्तक आले, ‘लिबियन सँड्स’. एका घरातून एका वर्षी दोन पुस्तके निघावीत आणि दोन्ही टिकावीत, असे फार वेळा घडत नाही.

माल्व्हर्नची शाळा, वूलिचची लष्करी अकादमी, १९१५ मध्ये कमिशन आणि मग फ्रान्समधले खंदक. पहिल्या महायुद्धातून तो धडधाकट परतला आणि १९१९ ते १९२१ केंब्रिजला अभियांत्रिकी शिकला. पुढे सिग्नल्समध्ये अधिकारी म्हणून १९२६च्या सुमारास तो कैरोला गेला. तिथे पलटणीतले अधिकारी सुटीच्या दिवशी पोलो खेळत. हा आणि याचे काही मित्र फोर्डच्या मोटारी घेऊन वाळवंटात शिरत. १९२८ मध्ये त्याची बदली हिंदुस्थानात झाली. लिबियाच्या वाळवंटातल्या पुढच्या दोन मोठ्या मोहिमा, १९२९ आणि १९३०च्या, त्याने या नोकरीतली रजा साठवून केल्या. बँकेत आम्ही रजा साठवायचो ती मुलीच्या लग्नासाठी नाहीतर घराच्या स्लॅबसाठी. असो.

या मोहिमांतली त्याची युक्ती पाहण्यासारखी होती. लोखंडी मोटारीत होकायंत्र बिघडते म्हणून त्याने सूर्याच्या सावलीवर चालणारे होकायंत्र बनवले. रेडिएटरमधली वाफ वाया जाऊ नये म्हणून नळीने ती पाण्याच्या डब्यात आणून पुन्हा पाणी केले. चाके रुतली की खाली सरकवायला पोलादी पन्हळी नेल्या. टायरमधली हवा कमी केली. ज्या वाळूसागरातून मोटार जाऊच शकत नाही असे सर्वांनी गृहीत धरले होते, त्यात त्याने १९३० साली मोटारी भरधाव टेकडीवर घातल्या आणि त्या चढल्या. वाऱ्याने रचलेली वाळू काही ठिकाणी घट्ट असते आणि दोन हातांवर भुसभुशीत असते, हे त्याला तिथे चाकांखाली कळले. त्या वाळवंटात झेर्झुरा नावाचे हरवलेले ओअ‍ॅसिस शोधणाऱ्या मंडळींचा एक क्लब होता. ‘द इंग्लिश पेशंट’ या १९९६च्या चित्रपटातला आल्माशी हा याच काळातला, याच वाळवंटातला खराखुरा माणूस. बॅग्नॉल्डला झेर्झुरा सापडले नाही. त्याला प्रश्न सापडला. वाऱ्याने इतस्ततः उधळलेली वाळू पुन्हा जमून इतक्या नेटक्या, एकसारख्या आकारांत का उभी राहते?

आजारपणामुळे १९३५ मध्ये तो सैन्यातून बाहेर पडला. वय ३९, नोकरी नाही, लग्न नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात त्याने लाकूड आणि काच यांचा एक वातबोगदा स्वतः उभारला आणि त्यात वाळू उडवत बसला. कणांच्या उड्या, एक कण आपटला की उसळणारे दुसरे, जमिनीलगत धावणारा वाळूचा थर, हे सगळे त्याने मोजले. वाऱ्याचा जोर दुप्पट झाला तर वाळू दुप्पट न वाहता साधारण आठपट वाहते, हे त्याचे गणित. १९३८ मध्ये पुन्हा लिबियात जाऊन, प्रत्यक्ष वादळात बसून, त्याने आकडे ताडून पाहिले. १९४१ साली प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ आजही त्या विषयाचा पाया मानला जातो. विद्यापीठात त्याला पद नव्हते. पगार नव्हता. निवृत्तिवेतन होते.

याच वर्षांत, या बोगद्याच्या जोडीला, तो पाण्याकडे वळला. ब्रिटनमधल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेला समुद्रभिंतींची चिंता होती. भिंती पक्क्या बांधूनही अधूनमधून एखादी लाट अशी आदळते की दगड निखळतात. इतका जोर येतो कुठून? बॅग्नॉल्डने टाकीत लाटा सोडून मोजमाप केले. बहुतेक लाटांचा मारा साधाच निघाला. पण एखादी लाट भिंतीशी जवळजवळ समांतर उभी राहून आदळली आणि तिच्या नि भिंतीच्या मध्ये हवेचा पातळ पापुद्रा कोंडला गेला, तर त्या हवेच्या दाबाने क्षणाच्या अगदी लहान तुकड्यापुरता प्रचंड धक्का बसतो. हे १९३९चे काम. लगेच १९४० मध्ये त्याचा दुसरा निबंध आला, लाटा किनारा कसा घडवतात यावर.

टाकीच्या एका टोकाला लाटा करणारी फळी, दुसऱ्या टोकाला वाळूचा किंवा खड्यांचा ढीग. लाटा सोडायच्या आणि ढीग आपोआप कोणता आकार घेतो ते पाहायचे. प्रयोग पोरखेळासारखा वाटतो. पण त्यातून जे निघाले ते अभियंत्यांच्या समजुतीला धक्का देणारे होते. किनाऱ्याच्या वरच्या भागाचा चढ लाटा लहान की मोठ्या यावर ठरत नव्हता. तो ठरत होता कण किती जाड आहेत यावर. ७ मिलिमीटरच्या खड्यांचा चढ २२ अंशांचा, अर्ध्या मिलिमीटरच्या वाळूचा १४ अंशांचा. लाटेच्या उंचीवर ठरत होते ते एवढेच, की हा चढ पाण्याच्या पातळीपासून किती वर जाऊन थांबणार.

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे, कारण त्यात सगळा किनारा आला. लाट फुटली की पाण्याचा एक पदर उतारावरून वर धावतो. आपण पुळणीवर उभे असताना पायाला गार करून जातो तो हाच. वर जाताना तो कण घेऊन जातो आणि मागे फिरताना कण घेऊन येतो. नेले तेवढेच आणले तर किनारा आहे तसा राहील. पण वर गेलेले पाणी सगळे परत येत नाही. काही खाली मुरते. गोटे मोठे, त्यांच्यामधल्या फटी मोठ्या, त्यामुळे पाणी झटकन मुरते आणि परतीच्या पाण्यात ओढायला ताकद उरत नाही. नेलेले गोटे वरच राहतात. चढ वाढत जातो. इतका वाढतो की आता गोटा आपल्याच वजनाने खाली येऊ पाहतो, आणि तिथे जमाखर्चाची तोंडमिळवणी होते. बारीक वाळूत पाणी तितक्या लवकर मुरत नाही. परतीचे पाणी भरघोस येते, वाळू खाली पसरवते आणि किनारा सपाट राहतो. म्हणून जुहूवर घोडागाडी धावू शकते आणि डेव्हनच्या गोट्यांवर माणसाला चालतानाही धाप लागते.

टाकीतली लाट बदलली की किनाराही बदले. जुना आकार मोडून नवा उभा राही. इथे मला बॅग्नॉल्डच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्याच्या टाकीत भरती-ओहोटी नव्हती, लाटा सरळ समोरून येत, तिरक्या नाहीत. खऱ्या किनाऱ्यावर लाटा बहुधा तिरक्या येतात. त्या कण तिरपे वर नेतात आणि पाणी सरळ उतारावरून खाली येते, त्यामुळे प्रत्येक कण नागमोडी पावले टाकत किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवासाला लागतो. दक्षिण इंग्लंडमधला चेझिल किनारा घ्या. २९ किलोमीटर लांबीचा हा गोट्यांचा बांध पश्चिम टोकाला वाटाण्याएवढ्या खड्यांचा आहे आणि पूर्वेला पोर्टलंडपाशी मुठीएवढ्या गोट्यांचा. रात्री काळोखात बोट लावणारे चोरटे व्यापारी हाताने गोटा चाचपून आपण कुठे उतरलो ते ओळखत, अशी तिथली जुनी गोष्ट आहे. इतकी चोख वर्गवारी लाटांनी, हजारो वर्षे एकेक गोटा हलवून केलेली.

आता माझी गोष्ट. १९८९ साली माझी बदली रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका शाखेत झाली. मी घाटावरचा माणूस. समुद्र पाहिला होता तो सहलीत. मे महिन्यात रुजू झालो तेव्हा गावापुढे लांबरुंद पुळण होती. जुलैत पाऊस जरा उघडला म्हणून फिरायला गेलो तर पुळण नाहीच. काळी खडपे उघडी पडलेली, लाटा थेट सुरूच्या मुळांशी. मी घाबरून घरमालकांना सांगितले. त्यांनी पान लावता लावता मला समजावले, की वाळू पावसाळ्यात आत जाते, दिवाळी झाली की यायला लागते, होळीपर्यंत सगळी हजर होते. मला वाटले म्हातारबाबा थट्टा करताहेत. पण फेब्रुवारीत पुळण जागेवर होती.

ते सांगत होते ते शब्दशः खरे होते. पावसाळ्यातल्या उंच, घाईघाईने येणाऱ्या लाटा वाळू ओढून थोड्या खोल पाण्यात नेतात आणि तिथे तिचा एक लांबट उंचवटा तयार होतो. पुढच्या मोठ्या लाटा त्या उंचवट्यावरच अडखळून फुटतात आणि किनाऱ्यापर्यंत पोचताना मवाळ होतात. म्हणजे किनारा अंग चोरून स्वतःचा बचाव करतो. पावसाळा सरला, लांब, संथ लाटा आल्या, की तोच उंचवटा कणाकणाने परत वर सरकतो. किनारा शाबूत राहतो तो या ये-जा करण्यामुळे. ती ये-जा अडली की त्याचे दुखणे सुरू होते. पावसाळ्यात गेलेली वाळू पाहून घाबरून तिथे दगडांचा उभा धूपप्रतिबंधक बंधारा घातला, तर लाट बंधाऱ्यावर आपटून तितक्याच जोराने मागे फिरते आणि पायथ्याची वाळू उकरते. वर मागच्या भाटातली वाळू, जी अडीअडचणीला उपयोगी पडायची, ती बंधाऱ्यामागे कुलूपबंद होते. बंधारा मागचे माड वाचवतो हे खरेच आहे, आणि ज्याचे माड आहेत त्याला ते नको असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण पुढची पुळण बहुधा त्याच्या बदल्यात जाते, आणि पुळणीवर रापण ओढणाऱ्याचे नाव सातबारावर नसते.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि बॅग्नॉल्डला परत बोलावले गेले. त्याला केनियाला पाठवले होते. वाटेत भूमध्य समुद्रात त्याच्या जहाजाची दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली, दुरुस्तीसाठी जहाज पोर्ट सैदला लागले, आणि हा जुन्या मित्रांना भेटायला कैरोला गेला. तो आल्याची बातमी जनरल वेव्हेलच्या कानावर गेली. पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून आला तोच हा वेव्हेल. त्याने बॅग्नॉल्डला इजिप्तमध्येच ठेवून घेतले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर बॅग्नॉल्डने वाळवंटातून शत्रूच्या पिछाडीला जाणाऱ्या मोटारपथकाची योजना पुढे केली, वेव्हेलने सहा आठवडे दिले, आणि न्यूझीलंडच्या स्वयंसेवक शेतकरी पोरांना घेऊन सहा आठवड्यांत पथक उभे राहिले. विंचू हे त्यांचे चिन्ह. या पथकाच्या पराक्रमावर पुष्कळ पुस्तके आहेत, त्यामुळे इथे थांबत नाही. १९४४ मध्ये तो ब्रिगेडिअर म्हणून निवृत्त झाला आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्याला फेलो केले. सैनिकाला हा मान क्वचितच मिळतो. १९४६ मध्ये, पन्नाशीला, त्याने लग्न केले. पुढे दोन मुले झाली. १९४७ पासून दोनएक वर्षे शेल कंपनीत संशोधन-संचालक होता. मग तेही सोडले आणि केंटमधल्या आपल्या घरी टाकी मांडून बसला.

१९४६च्या त्याच्या निबंधातली एक युक्ती मला फार आवडते. समुद्रतळावर लाटांमुळे पाणी पुढेमागे हेलकावते आणि वाळूवर त्या ओळखीच्या वळ्या पडतात. एवढे पाणी प्रयोगशाळेत हेलकावायचे कसे? बॅग्नॉल्डने पाणी स्थिर ठेवले आणि तळच झोपाळ्यासारखा हलवला. कणाला काय, दोन्ही सारखेच. वळीच्या प्रत्येक माथ्यामागे पाण्याचा एक लहानसा भोवरा तयार होतो, तो वाळू उचलतो, पाणी उलटे फिरले की सोडून देतो, आणि वळी आपली आपण जपली जाते, हे त्याला काचेतून दिसले.

१९५४ मध्ये त्याने आणखी एक कोडे घेतले. दाटीवाटीने वाहणारे कण एकमेकांवर आपटून एकमेकांना दूर लोटतात. पाण्याइतक्याच घनतेच्या मेणाच्या गोळ्या दोन नळकांड्यांच्या फटीत फिरवून त्याने हा रेटा मोजला. मोठ्या कणांना तो जास्त लागतो आणि ते वर ढकलले जातात; बारीक कण खाली राहतात. पुढे अभ्यासकांनी हेच तत्त्व पुळणीला लावले. मागे सरकणाऱ्या लाटेच्या पातळ पदरातही कण असेच चाळले जातात. रत्नागिरीच्या पुळणींवर वाळूत काळ्या इल्मेनाइटच्या रेघा असतात, शाईने ओढल्यासारख्या. जड, बारीक, काळे कण आणि हलके, जाड, पांढरे कण लाटेने वेगळे केलेले. तिथे तीन वर्षे मी त्या रेघांवरून चाललो आणि त्या कशा ओढल्या जातात हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण खात्यातल्या लूना लिओपोल्डने त्याला नद्यांच्या गाळाकडे ओढले, आणि कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेच्या डग्लस इन्मनबरोबर त्याने १९६३ मध्ये किनाऱ्याचे गणित पूर्णत्वाला नेण्याचा प्रयत्न केला. त्याची दृष्टी सरळ यंत्रविशारदाची होती. वाहते पाणी हे यंत्र आहे. त्याच्याजवळ ठरावीक शक्ती असते, त्यातला काही भाग तो वाळू वाहण्यात खर्च करतो. शक्ती मोजा, कार्यक्षमता मोजा, वाहिलेली वाळू कळेल. तिरक्या लाटा एका किनाऱ्यावरून वर्षाला किती वाळू पुढे नेतील याचा अंदाज अभियंते आजही याच विचाराच्या आधाराने करतात. इन्मनने याला खातेवहीचे रूप दिले. किनाऱ्याचा एकेक पट्टा म्हणजे एक खाते. नद्या आणि झिजणारे कडे जमा टाकतात. खोल समुद्रातल्या घळया आणि वाऱ्याने आत जाणारी वाळू हा खर्च. कॅलिफोर्नियात ला होयाजवळ किनाऱ्याला लागूनच अशी एक घळ आहे. तिच्यात उतरलेली वाळू कायमची बुडीत.

हे वाचले आणि मला माझी जुनी फाइल आठवली. त्या कोकणातल्या शाखेत असताना खाडीतून वाळू काढणाऱ्यांच्या होड्यांना मी कर्जे दिली होती. हातपाटीवाले होते, बुडी मारून बादलीने वाळू काढणारे, मेहनती आणि हप्त्याला चोख. मग एकाने पंपासाठी कर्ज मागितले. प्रकल्प अहवालात डिझेल, मजुरी, वाहतूक, विक्री, सगळे रकाने होते. कच्च्या मालाच्या उपलब्धतेच्या रकान्यात मीच माझ्या हाताने लिहिले होते, की खाडीत वाळू मुबलक आहे आणि दर पावसाळ्यात नवी येते. किती येते? कुठून येते? वरच्या अंगाला बंधारे झाल्यावर किती येईल? खाडीच्या मुखातून ती पुळणीला किती मिळते? एक प्रश्न मी विचारला नाही. मारवाड्याच्या दुकानाला कर्ज देताना मी गोदामातली पोती मोजली असती. कर्ज फिटले, वेळेआधी फिटले. माझ्या गोपनीय अहवालात त्या वर्षी वसुलीबद्दल कौतुकाचा शेरा होता. निवृत्तीनंतर त्या गावी गेलो, तेव्हा फेब्रुवारी होता आणि खडपे उघडी होती. घरमालक हयात नव्हते. त्यांचा मुलगा म्हणाला की हल्ली होळीलाही वाळू पुरती येत नाही. ती माझ्या एका पंपामुळे गेली असे कुणी म्हणणार नाही. बंधारा आहे, धरणे आहेत, चढता समुद्र आहे, आणि पंप तर किती झाले असतील. पण त्या रात्री झोप लागली नाही, आणि मुंबईला परतल्यावर ग्रंथालयात किनाऱ्यांवरची पुस्तके काढून बसलो. बॅग्नॉल्ड मला तिथे भेटला.

हॉलसँड्सचे कोडेही तिथेच उलगडले. प्लिमथच्या हॅन्सफर्ड वर्थ या अभियंत्याने त्या काळीच मोजमापे घेऊन सांगितले होते, की जेवढे उपसले तेवढे परत येत नाही आहे. ते गोटे बहुतांशी गारेचे; हिमयुग संपून समुद्र चढत होता तेव्हा लाटांनी तळावरून लोटत आणलेले. नव्याने पुरवठा करणारी नदी नाही, कडाही नाही. पिढीजात मुद्दल होते ते. ठेकेदाराला व्याज वाटले. त्या शेवटच्या घरात एक बाई १९६४ पर्यंत राहिली. तिचे गोटे डेव्हनपोर्टच्या गोदीच्या भिंतींत होते.

म्हातारपणीही बॅग्नॉल्ड थांबला नाही. १९७०-७१ मध्ये भूशास्त्रातली पेनरोज आणि वोलास्टन ही मोठी पदके त्याला मिळाली. १९७१च्या अखेरीस ‘मरिनर ९’ यान मंगळाभोवती फिरू लागले आणि त्याच्या छायाचित्रांत वाळूच्या टेकड्या दिसल्या. तिथले वारे, तिथली विरळ हवा, तिथली वाळू यांचा मेळ घालायला बॅग्नॉल्डचीच समीकरणे हाताशी होती, आणि १९७७ मध्ये नासाच्या परिषदेत ८१ वर्षांचा हा गृहस्थ पृथ्वी आणि मंगळ यांच्या वाळवंटांवर बोलायला उभा राहिला. त्याचा गाळाच्या वहनावरचा निबंध १९८६चा आहे, म्हणजे वयाच्या नव्वदाव्या वर्षीचा. २८ मे १९९० रोजी तो गेला. आत्मचरित्र त्याच वर्षी, त्याच्या मागे प्रसिद्ध झाले.

मंगळावरच्या गेल विवरातल्या काळ्या टेकड्यांना त्याचे नाव दिले आहे. डिसेंबर २०१५ मध्ये ‘क्युरिऑसिटी’ ही गाडी तिथे पोचली. तिने वाळूत चाक घालून पाहिले, ओंजळभर वाळू उचलली आणि चाळणीने बारीक-जाड वेगळी केली. टेकड्यांच्या अंगावर तिला दोन आकारांच्या वळ्या दिसल्या. लहान वळ्या पृथ्वीवरच्या वाळवंटात असतात तशाच होत्या. मोठ्या, मीटर-दोन मीटर अंतराने पडलेल्या वळ्या मात्र आपल्याकडे वाऱ्याने होत नाहीत. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने मांडले, की त्या आपल्याकडच्या पाण्याखालच्या वाळूतल्या वळ्यांशी जुळतात.